काटा चढला तरी हात खिशात

तीर्थरूप मामांना ठोंब्याचा साष्टांग नमस्कार. (तुम्ही निवृत्त झालात, पण तुम्ही ठेवलेलं हे नाव अजून कारखान्यात कामावर आहे.) गुडघा कसा आहे? मावशी सांगत होती, दिवसभर खुर्चीत बसून असता आणि 'आता मला कोण विचारतंय' एवढंच म्हणता. आम्ही इकडे मजेत. ही म्हणते, मी इतका खुशीत आमच्या लग्नातही नव्हतो.

कारण असं, की मी या वयात पुन्हा शाळेत जातो. आपल्या कारखान्याच्या धुराड्यातून कार्बनचा जो वायू इतकी वर्षं उडून गेला, तो आता पकडायचा, दाबून नळातून न्यायचा आणि जमिनीखाली खोल खडकात कायमचा कोंडायचा, असं आसपासच्या नऊ कारखान्यांनी मिळून ठरवलं. ठरवलं खरं, पण काम येतंय कोणाला? (घोडं पेंड खात होतं ते इथंच.) म्हणून पोत्यांच्या जुन्या गोदामात शाळा काढली, सरावाला एक छोटं यंत्र मांडलं आणि आम्हा अकरा बॉयलरवाल्यांना बाकांवर बसवलं. जवळच्या चष्म्याचा नंबर जवळपास सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे एक जण विसरला तरी अडत नाही. शिकवायला एक बाई आहेत, माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, दाबाचा काटा चढला की काय कराल? आम्ही अकराही जण एका सुरात म्हणालो, 'आधी वाफ सोड, मग विचार कर.' मामा, तुमचंच वाक्य. बॉयलरचं काम शिकायला या भागातला जो तो तुमच्याकडेच यायचा ना. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, 'काका, इथं काटा चढला म्हणजेच काम होतंय. लाल खुणेपर्यंत हात खिशात.'

परवा परीक्षा होती. नापास झालो तर शाळा दुसऱ्या भागात जाणार, इथलं काम बाहेरची माणसं करणार आणि आम्ही नुसते बघत बसणार. आठवडाभर थेंबे थेंबे तळे साचवत आम्ही वायूची टाकी भरली होती. सरकारी परीक्षक साहेब समोर उभे. काटा चढत चढत गेला, लाल खूण अजून चार बोटं लांब होती, तेवढ्यात आमच्यातल्या एकाने (नाव विचारू नका) खिशातला हात काढला आणि व्हॉल्व्ह उघडला. आठवड्याची मेहनत छपरावरच्या नळीतून पाच मिनिटं शिट्टी वाजवत आभाळात गेली. वाईट याचं, की शिट्टी ऐकून बाकीच्या दहांचे चेहरे कसे निवले. एक जण तर 'शाब्बास' म्हणाला. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

साहेबांनी विचारलं, यांना हे शिकवलं कोणी? आम्ही तुमचं नाव सांगितलं. (सांगताना छाती फुगली. लाज वाटायला हवी होती, हे नंतर लक्षात आलं.) ते बराच वेळ काहीतरी लिहीत होते. पण शाळा तूर्त टिकली आहे, तेव्हा काळजी नसावी. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
ठोंब्या

ता. क. व्हॉल्व्ह उघडणारा मीच. तुम्ही ओळखलंच असेल.

आणखी ता. क. साहेबांनी लिहिलं ते असं : 'डोकी तयार आहेत, हात ऐकत नाहीत. महिन्याने पुन्हा परीक्षा घेऊ. तोवर ज्याने सवय लावली त्यालाच बोलवा.' म्हणजे तुम्हाला, मामा. वायूचं काय ते बाई शिकवतील. तुम्ही फक्त माझ्या मागे बसायचं आणि काटा चढू लागला की दरडावायचं, 'ठोंब्या, हात लावून तर बघ.' दुसऱ्या कोणाचं हा हात ऐकत नाही, हे आता सरकारी कागदावर आलं आहे. गुडघ्याचं सांगितल्यावर बाईंनी उंच, हातांची खुर्ची मागवून ठेवली आहे.

शेवटचा ता. क. शनिवारी न्यायला येतो. आणि मला कोण विचारतंय, असं मावशीला पुन्हा म्हणू नका. अकरा जण विचारताहेत.