गंगाचा नवरा

१० जुलै १९७८, सोमवार. भालकी
वत्सलाची सोळा चित्रं पुरी झाली. दोन्ही खोल्यांत वाळत घातलीत, चहाचा कप ठेवायला जागा नाही. वाचनपेटीसाठी आमचं हे पाचवं हातपुस्तक. इकडं कर्नाटकात उदगीर-लातूरकडून मराठी पुस्तकं येतात चार-दोन आणि पेटी फिरते नऊ शाळांत, म्हणून शाळेतल्या आम्ही दोघी शिक्षिकाच करतो. चित्रं ती काढते, मजकूर मी टाकानं लिहिते, शिवणं दोघींचं. या खेपेला गोष्टही तिचीच आहे. गंगा आणि रुक्मी या दोघी मैत्रिणी माळावर घर बांधतात, शेळी पाळतात, म्हाताऱ्या होतात. बस्स.
कच्च्या कागदावर शेवटून दुसऱ्या पानाला लिहिलंय: ‘दोघींनी लग्न केलं नाही. घर केलं.’ वाचून आधी दार लोटून घेतलं. त्यात गंगाच्या हनुवटीवर तीळ. माझाच.
“हे काय गं?”
“तुजाच हाय. भेतीस कामून? अकरा वर्षं एका ताटात जेवायलाव की.”
मग गंभीर झाली. “लेकरं वाचतील, म्हातारी माणसं वाचतील. त्यात आपल्यावानी कुणी आसंल, तर त्याला कळंल, आपून एकटं न्हाई म्हणून.”
मी म्हटलं, बरं. मला हो म्हणायला काय जातंय.

१४ जुलै, शुक्र.
हेडमास्तर व्हरांड्यात भेटले. “बाई, पेटी आता घरोघर जायलीय. पालक बघायलेत. जरा जपून.” एवढंच बोलून वर्गात गेले. नवं पुस्तक त्यांनी पाहिलेलंही नाही. पण मला दिवसभर फळ्यावर सरळ ओळ लिहिता आली नाही. कुणी काही सांगितलं असेल का? मालकीणबाई? की भांडी घासणारी…

१६ जुलै, रवि.
व. बाजारला गेली. ती असती तर माझ्याच्यानं झालं नसतं, म्हणून तीच वेळ साधली. तिनं मजकुरासाठी कोरी ठेवलेली पानं भरत गेले, आणि त्या पानाशी आल्यावर लिहिलं: ‘गंगाचा नवरा परगावी होता. दिवाळीला येणार होता. तोवर रुक्मी सोबतीला राहिली.’
अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं. लाज वाटली त्याची.
संध्याकाळी दोघींनी मिळून शिवलं, खळ लावून पुठ्ठे चिकटवले. तिनं मजकूर पाहिलाच नाही. मी म्हटलं, बघ तरी एकदा. “तुजं अक्षर मी काय तपासू?” म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.
तेव्हाच सांगायला हवं होतं.

१७ जुलै
पेटी मन्नाएखेळ्ळीच्या गाडीत चढवली. एक कडी तिच्या हातात, एक माझ्या. कंडक्टर म्हणाला, “कितकी जड पुस्तकं करायलाव बाई?” व. हसली. मी नाही हसले.

६ ऑगस्ट, रवि. मेहकर
अप्पांना भेटून आले. आता वडिलांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण रात्रशाळेत शिकलेली अक्षरं सोडत नाहीत. पेटी मेहकरात आली की विहारापुढं बसून बायाबापड्यांना, पोरांना सगळं वाचून दाखवतात. “नवं पुस्तक केलाव म्हणं दोगींनी. हितं कवा यायचं?” म्हटलं, फिरत फिरत येईल.
अप्पांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी देव्हारा डोक्यावर घेतला आणि भर दुपारी, गावाच्या मधून चालत जाऊन मांजरा नदीत सोडला. आई म्हणत होती, अंधार पडल्यावर जावा. अप्पा म्हणाले, चोरी केलोय का मी? मी मागं मागं चालत होते. सगळं गाव दारात उभं होतं. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी अभिमानानं सांगते.
आणि त्यांचीच लेक एक ओळ लिहायला भ्यायली.

२ सप्टेंबर
राहवेना. मन्नाएखेळ्ळीच्या गुरुजींना चिठ्ठी पाठवली की ते एक पुस्तक दुरुस्तीला हवंय, परत धाडा. उत्तर आलं: ‘पोरं सोडेनात. गंगाचा नवरा कोणत्या चित्रात आहे ते हुडकणे चालू आहे. पेटीसोबतच येईल.’
व.ला मी म्हटलं, पुस्तक पोरांना आवडलंय. तेवढं खरं होतं. तिनं आनंदानं शेजारी गूळ-शेंगदाणे वाटले. माझ्याही हातावर ठेवले. खाल्ले.

१९ सप्टेंबर, मंगळ.
पेटी आली. शाळेतून मी पोचेपर्यंत तिनं कुलूप काढलं होतं. पुस्तक मांडीवर.
प्रत्येक चित्रात रुक्मीला पेन्सिलीनं मिशी काढलेली. सोळाच्या सोळा चित्रांत. शेळीची धार काढणारी रुक्मी मिशीवाली, म्हातारी झालेली रुक्मीही मिशीवाली. मागच्या अभिप्रायाच्या पानावर तिसरीतल्या मुलीचं तिरपं अक्षर: ‘मला नवरा सापडला.’
व. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “लेकरानं बरूबर वाचलं. तू नवरा हाय म्हणलीस, त्यानं हुडकला.”
नंतर स्वयंपाक केला. दोन ताटं वाढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

२० सप्टेंबर
मी हेडमास्तरांचं सांगितलं. ते बोलले, मी भ्याले, पोटासाठी नोकरी आहे, गावात राहायचंय. ती ऐकून घेत होती.
“मला लपीवलीस त्याचं न्हाई गं. मी बी लपतेच की, भावाकडं गेल्यावर. पर मी काढलेल्या घरात तू माणूस आणून घातलीस. मला न इच्यारता.”
मी ताटं उचलून घासायला बसले. 
आज हेडमास्तर स्वतःच म्हणाले, “बाई, ह्या खेपंला पुस्तकं चांगली ऱ्हायलीत बघा. मागच्या खेपंला कालवणाचे डाग पडले होते, म्हणून तर जपून म्हणलो तुमाला.”
कालवणाचे डाग! म्हणजे मला कुणी अडवलंच नव्हतं. हे व.ला सांगितलं. सांगायला नको होतं. ती हसली, आणि मग तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळून बसली.

२८ ऑक्टोबर, शनि.
दिवाळीच्या सुट्ट्या. व. सकाळच्या गाडीनं भावाकडे उदगीरला. दरवर्षी चार दिवसांसाठी जाते. यंदा रंगांचा डबाही नेला. दिवाळीला रंग कोण नेतं? विचारलं नाही. स्टँडवर म्हणाली, “खिडकीतल्या तुळशीला पाणी घाल.” परत कधी येणार ते बोलली नाही.

८ नोव्हेंबर
ब्लेडचं अर्धं पातं घेऊन बसले. गंगाचा नवरा खरवडून काढला. हे अक्षर किती घट्ट बसतं! तीन ओळींना सारी दुपार गेली. कागद इतका पातळ झाला की पलीकडची शेळी दिसते. त्यावर तिची ओळ लिहिली: ‘दोघींनी लग्न केलं नाही. घर केलं.’ शाई फुटली, अक्षर गचाळ आलं. असू दे.
मिशांना हात लावला नाही. चित्रं तिची आहेत, ते माझं काम नव्हे.
मुखपृष्ठावर आजवर शाळेचं नाव लिहीत आले. आज त्याखाली लिहिलं: वत्सला आणि कमल. 

१३ नोव्हेंबर, सोम.
शाळा उघडली. व. आली नाही. पोस्टानं महिन्याच्या रजेचा अर्ज. मला वेगळं पत्र नाही. हेडमास्तरांनी विचारलं, “तुमाला तर ठाऊक आसंल की, कवा येणार ते?” मी सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, “न्हाई, मला ठाऊक न्हाई.”
पेटीची पाळी मेहकरची. हे पुस्तक बाजूला काढून ठेवावं, असं दोनदा मनात आलं. एकदा काढलंही. परत आत ठेवलं, कुलूप लावलं, एकटीनंच पेटी स्टँडवर नेली. वाटेत तीनदा खाली टेकवली.
अप्पा ते चारचौघांत, मोठ्यानं वाचणार.

१९ नोव्हेंबर, रवि.
मेहकरला जायला हवं होतं. डोकं दुखतंय असं स्वतःलाच सांगून घरी राहिले. तुळशीला पाणी घातलं, दोनदा.

२५ नोव्हेंबर, शनि.
दुपारच्या गाडीनं पेटी आली. स्टँडवरच उघडली, गुडघ्यावर बसून. हमाल बघत होता, बघू दे.
अभिप्रायाच्या पानावर ‘मला नवरा सापडला’च्या खाली अप्पांचं मोठं, मोडकं अक्षर:
‘समद्यास्नी वाचून दावलं. दोनदा. तीळ वळखला. दोगी मिळून या.’
दहादा वाचलं. रागावलेत की बोलावतायत? चारचौघांत वाचताना तिळाशी आल्यावर थांबले असतील का? आवाज बदलला असेल का? अप्पांच्या अक्षरातून राग कळत नाही, माया कळत नाही. ‘दोगी’ एवढं मात्र स्पष्ट आहे, जोर देऊन लिहिलंय, कागदाच्या मागल्या बाजूला उठलंय.
मी एकटी गेले तर ते पुन्हा खोटंच होईल.
उद्या सकाळी सातची उदगीर गाडी. भावाच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते ठरत नाही. पुस्तक पिशवीत घातलंय, मिशांसकट. एक खोडरबरही घेतलाय, तिच्यापुढं ठेवायला. तिनं तो माझ्या हातात दिला, तर मिशा मी पुसेन…