सरकारने हिसकावलेलं मेज

११ मार्च, बुधवार

व्होक्लॅर! आईशपथ, व्होक्लॅरचंच!

उद्याच्या लिलावातल्या वस्तू बघायला गेले होते, सहज. कोपऱ्यात एक लिहायचं मेज. यादीत नुसतं 'मेज, पेंढ्याची नक्षी, साधारण १९३०'. बनवणाऱ्याचं नाव नाही! चिरून चपट्या केलेल्या काड्या किरणांसारख्या पसरलेल्या, पण मधोमधून नाही, किंचित डावीकडून. असं मेजं-खुर्च्या बनवणाऱ्यांत व्होक्लॅर एकटाच करायचा. खण ओढून हुंगला. जुना, कोरडा, गोडसर वास.

लगेच पाठ फिरवली आणि शेजारच्या एका भिकार कपाटाचं तोंड भरून कौतुक सुरू केलं. खोलीभर व्यापारी, एकालाही सुगावा लागता कामा नये. बाझील होताच. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याचा गाळा माझ्या गाळ्याला लागून, आणि जिभेला हाड नाही. "ओर्तांस, तुझं नाक कांद्याचं सूप हुंगण्यापुरतं. फर्निचरात कशाला खुपसतेस?"

वीस वर्षं हेच ऐकतेय. झोंबतं, कारण खरं आहे. एकही मोठी वस्तू मी कधी ओळखलेली नाही. उद्या बघ म्हणावं!

१२ मार्च

मिळालं!! आणि गेलं!!

बोली चढत चढत शेवटी मी आणि फोनवरचा कुणीतरी. फोन गप्प झाला. हातोडा पडला, माझ्या नावावर! मी ओरडणार, तेवढ्यात मागून एक करड्या कोटातला माणूस उठला, "संग्रहालयासाठी, सरकारच्या वतीने." झालं. कायदाच आहे तसा. हातोडा पडल्यावर सरकारने म्हणायचं, याच भावात आम्ही घेतो, आणि आपण हात चोळत बसायचं. वर खोलीभर टाळ्या! लुटली गेले मी, आणि टाळ्या!

पण... सरकारला जे हवं होतं ते मी ओळखलं! मी! बाझील उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी रडत होते की हसत होते, देव जाणे.

१४ मार्च, शनिवार

बाजारात आज मी महाराणी. बाझीलने सकाळी सकाळी कालवं आणि पांढरी वाईन मागवली, स्वतःच्या खर्चाने! कोण कुठली बाई दिवा घेऊन आली, "तुम्हीच ना त्या, सरकारवाल्या?" मी दिवा उलटा केला, नाक लावलं, "नकली," म्हटलं. काय रुबाब!

१७ मार्च

इथे खरं लिहायला काय हरकत आहे? मान-बिन गेला खड्ड्यात. मला मेज हवंय. पंधरा दिवसांत संग्रहालयाने पक्कं केलं नाही, तर ते माझंच. खिडकीखालची खुर्ची सरकवून जागा करून ठेवलीय. येड लागलंय मला.

२० मार्च

बाझील खांद्याला धरून एका घरी घेऊन गेला. व्होक्लॅरची म्हणून खुर्च्यांची जोडी विकायला होती. "तू सांग. तू म्हणशील ते." वीस वर्षांत पहिल्यांदा! मी वाकले, हुंगलं, "खऱ्या," म्हटलं. त्याने तिथल्या तिथे घेतल्या आणि जिन्यातच माझे दोन्ही गाल चुंबले.

२२ मार्च

संग्रहालयाकडून अजून काही कळलेलं नाही. नाचावंसं वाटतंय.

२६ मार्च

लिलावघरातून फोन आला. संग्रहालयाने नकार दिला. काड्या ज्या सरसाने चिकटवल्यात तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. व्होक्लॅर त्याआधीच वारला होता. मेज आता माझं.

बाजारात नकार तेवढा पोचलाय, कारण नाही. बाझील दारातूनच ओरडला, "बघा, सरकारसुद्धा हटलं हिच्यापुढे!" उद्या मेज उतरवून घ्यायला सगळे येणार आहेत, शॅम्पेन घेऊन. मी "या" म्हटलं.