पिवळ्या पट्ट्याची ताई

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं भावोजी विचारतील. त्यांना सांग, फोन मी भिंतीवर मारला. भिंत ठीक आहे. राग कशाचा आला होता ते आता आठवत नाही.

मी तायक्वांदो शिकायला लागलोय. बाबा आधी पोटभर हसले, मग म्हणाले की कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलंस, गॅरेज चौथ्या दिवशी सोडलंस, आता हेही अर्धवट टाकलंस तर काकांच्या वजनकाट्यांच्या दुकानात कायमचा बसवीन. पण हे मी सोडणार नाही. कारण तसंच आहे.

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी एक मुलगी आहे. तिच्याकडून मी चार वेळा डोळे तपासून घेतले. चौथ्या वेळी ती म्हणाली, तुमच्या नजरेत दोष नाही, तुम्ही अक्षरं सोडून माझ्याकडे बघता, आणि त्यावरची काच आमच्याकडे मिळत नाही. ताई, माझा निकाल तिथेच लागला. ती संध्याकाळी छापखान्यावरच्या हॉलमध्ये तायक्वांदोला जाते असं कळलं, दुसऱ्या दिवशी मी तिथे हजर.

आता संकट ऐक. तिथे वय चालत नाही, कमरेचा पट्टा चालतो. सगळ्यात खाली पांढरा, मग पिवळा, मग हिरवा. आपल्याहून वरचा पट्टा दिसला की वाकायचं आणि दादा किंवा ताई म्हणायचं. सर यात बापालाही सोडत नाहीत. हिरव्या पट्ट्याची एक सात वर्षांची पोर आहे, पुढचे दोन दात पडलेली, तिला मी खुशाल ताई म्हणतो. पण हिचा पट्टा पिवळा, माझा पांढरा. म्हणजे जिच्यासाठी आलो तिलाच रोज सहा वाजता भर हॉलमध्ये ताई म्हणायचं. नाही म्हटलं तर वीस जोर, आणि जिला म्हणायचं टाळलं तिने समोर उभं राहून ते मोजायचे.

मी जोर काढतो.

गणवेश तू शिवून पाठव, विकतचा काखेत काचतो. मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. माझ्यावर माया आहेच तुझी, ती हसण्यात सांडू देऊ नकोस.

तुझा,
भडकू


१२ जून

चि. भडकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गणवेश सोबत आहे. लाथ मारताना उसवू नये म्हणून मध्ये जादा कापड घातलंय आणि रुमालासाठी दोन खिसे ठेवलेत.

तुझं पत्र मी मशीनवर बसून वाचलं आणि एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. तुझे भावोजी म्हणाले, ज्याने सख्ख्या बहिणीला आठ वर्षांचा होईपर्यंत ‘ए’ म्हणून हाक मारली त्याला ही अद्दल बरी. मला मात्र पोरगी आवडली. चार वेळा डोळे तपासूनही पट्टी डोक्यात घातली नाही, म्हणजे सोशिक आहे.

यात एवढं आकांडतांडव कशाला? मन लावून परीक्षा दे, पिवळा पट्टा मिळव, बरोबरीला ये. मग कोण कुणाची ताई? तोवर सरांवर डोकं फिरवू नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस, आणि उत्तराला उशीर झाला तरी ओरडू नकोस.

तुझी खरी,
ताई


२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खिशांनी घोळ केला. गणवेशाला खिसे असलेला सबंध हॉलमध्ये मी एकटा, त्यामुळे पोरं आपापल्या वस्तू माझ्याकडे ठेवायला देतात. परवा सात वर्षांच्या ताईंचा तिसरा दात सरावात पडला, तोही मीच सांभाळला.

तुझा सल्ला मात्र फुकट गेला. परीक्षा दर तीन महिन्यांनी असते आणि सगळ्यांची एकाच दिवशी. सप्टेंबरात मी पिवळा झालो की ती हिरवी. मी हिरवा की ती निळी. असं काळ्या पट्ट्यापर्यंत ती एक पायरी पुढे आणि मी मागून ताई ताई करत. ती नापास व्हावी असं एकदा मनात आलं, त्याबद्दल माझे मीच चाळीस जोर काढले.

रोजच्या जोरांनी दंड असे फुगलेत की तुझ्या बाह्या पुरत नाहीत. पाय मात्र होते तिथेच. माझी लाथ गुडघ्यापर्यंत जाते, तीही माझ्याच. ती कोरियन आकड्यांत मोजते, हाना, दूल, सेत. सुरुवातीला भराभर मोजायची. हल्ली एकोणिसावर थांबते आणि विसावा म्हणायला फार वेळ लावते. मी हात वाकवून तसाच थरथरत असतो. ताई, त्याहून सुखाचं काही मी अजून पाहिलं नाही.

भावोजींना नमस्कार. आठवण काढत जा, पण चेष्टेने नको.

तुझा,
भडकू


८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी पास झालो आणि वाटोळं झालं.

परीक्षेत फळी फोडायची असते. हाताने की पायाने ते आपण ठरवायचं. मी हात म्हणालो. फळी फुटली, मागे धरलेली दुसरीही फुटली, आणि सरांनी लाथेकडे काणाडोळा करून मला पिवळा पट्टा दिला. पट्टा बांधून वळतो तर समोर ती. पांढऱ्या पट्ट्यात. सवयीने वाकली आणि मला दादा म्हणाली. तोंडातून शब्द गेल्यावर तिचाच चेहरा उतरला.

झालं असं की सकाळीच तिने आपला पिवळा पट्टा सरांच्या टेबलावर ठेवला होता आणि परीक्षा नको, मला पुन्हा पांढऱ्या पट्ट्यात घ्या म्हणून हटून बसली होती. पट्टा सोडून जाणारे सरांनी पुष्कळ पाहिलेत, उतरायला मागणारी ही पहिलीच. त्यांनी आधी तिला पाणी दिलं, मग तब्येत विचारली, मग हो म्हणाले. मी जाब विचारला, तर म्हणते कशी, तीन महिने तुझी लाथ बघते आहे, तू या जन्मात वर येत नाहीस हे कळलं, म्हणून मीच खाली आले. ताई, असा अपमान माझा कुणी केला नव्हता, आणि इतकं प्रेमही.

मी पट्टा खिडकीतून फेकायला निघालो. सर म्हणाले, फेकलास तर क्लास सोडला असं धरीन. मग बाबा, मग वजनकाटे. दुसऱ्या दिवसापासून ती दादा म्हणत नाही, जोर काढते, आणि मोजायला मी. माझ्याने दहाच्या पुढे मोजवत नाही. काय करू ते लगेच कळव.

तुझा,
भडकू


१५ सप्टेंबर

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

आधी एक काम कर, पटपट मोज. तिचे हात दुखतात.

दुसरं, डिसेंबरात ती पुन्हा पिवळी होईल. तू जागचा हलू नकोस. सर परीक्षेला बसवतीलच, तेव्हा नापास हो. त्यातला अनुभव आपल्या घरात तुझ्याइतका कुणाला नाही. फक्त या वेळी नापास होऊन दार आपटून घरी यायचं नाही. सर चारचौघांत बोलतील ते खाली मान घालून ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी सहाला हॉलवर हजर व्हायचं. हे तुला लाथेपेक्षा अवघड आहे, मला ठाऊक आहे.

तुझी,
ताई


१४ डिसेंबर

ती. ______ यांस,
सा. न. वि. वि.

वर रेघ ओढली आहे त्याचा राग मानू नये, कारण खाली येतं आहे. मी चष्म्याच्या दुकानातली. पत्ता तुमच्या भावाने दिला.

परवा परीक्षा झाली. मला पिवळा पट्टा परत मिळाला आणि तुमचा भाऊ नापास झाला. सरांनी डावा पाय म्हटलं की हा उजवा हात उचले. फळीला त्याने वाकून नमस्कार केला आणि सोडून दिलं. मुद्दाम केलं असं तो शपथेवर सांगतो, पण लाथेच्या भागात त्याला मुद्दाम काही करावं लागलं नसावं असा मला संशय आहे. सर अर्धा तास सगळ्यांसमोर बोलले. त्याचे कान लाल झाले, मुठी वळल्या, पण तो हलला नाही. काल सहाच्या ठोक्याला आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. आता तो मला अगं म्हणतो, मी त्याला अरे म्हणते, आणि जोर बंद आहेत.

आता रेघेचं. तुम्ही मोठ्या, तेव्हा तुम्हाला ताई म्हणायला हवं. पण तुम्ही माझी ताई झालात की तो माझा भाऊच झाला, आणि तेवढं टळावं म्हणून आम्ही दोघांनी सहा महिने जमिनीला नाक लावलं आहे. म्हणून विचारते, वन्सं म्हटलं तर चालेल का? शब्द जुना आहे, दुकानात कुणी ऐकलं तर हसतील, पण मला दुसरा सुचत नाही. तुम्हाला पटत नसेल तर स्पष्ट कळवावं. मी तुमच्या दारात येऊन वीस जोर काढीन, पण ताई म्हणणार नाही.

लोभ अजून जडायचा आहे, तो जडावा ही विनंती.

आपली,
तुम्ही ठरवाल ती