माझ्या नावाचं जांभूळ

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
२१ जुलै २०२५

चि. सौ. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

काल माहेरी आली होतीस तेव्हा आमच्या महिला मंडळाकडून जांभळाचं रोप नेलंस, ते एसटीच्या गर्दीत धड पोचलं का? लावताना पिशवी फाडून टाक, नाहीतर मुळं आतल्या आत वळतात. शेणखत कुजलेलं घाल, ताजं नको. आणि शेळ्यांपासून जप. पाचोडच्या शेळ्या काय खातील याचा नेम नाही, हे मी अनुभवानं सांगते.

पाचोडच्या शेळ्या हिला कशा ठाऊक, असं वाटलं असेल. तिकडंच येते.

आंबा, पेरू, सीताफळ, मागाल ते झाड आम्ही फुकट देतो. अट एकच, कुणाच्या तरी नावानं न्यायचं आणि ते नाव माईकवर सांगायचं. नाव दिलेलं झाड माणसं सहसा वाळू देत नाहीत, असं आमच्या अध्यक्ष रत्नमालाताईंचं म्हणणं. तू माईक घेतलास आणि म्हणालीस, "कालकथित सुलेखा पुंजाराम खरात, पाचोड. आमच्या आतेसासूबाई." ताईंनी लगेच सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी उभं केलं. मीही उभी राहिले, मान खाली घालून, हातात तुझंच रोप.

दीपमाला, ती सुलेखा मी आहे.

मंडळात मला सगळ्या 'अंगणवाडीच्या बाई' म्हणतात, म्हणून कुणाला काही कळलं नाही. चहाच्या वेळी मी कसंबसं विचारलं, "कशानं गेल्या गं त्या?" तू भाबडेपणानं म्हणालीस, "ते नाय माहीत, बाई. सासरे बाहेरून आले अन् म्हणले, सुलेखा गेली. आजी तिथंच खाली बसल्या. दरसाल पुण्यानुमोदन करत्यात, खीर वाटत्यात, लई रडत्यात. त्याच म्हणल्या, तिला जांभळं आवडायची, तिच्या नावानं जांभूळ आण."

कप माझ्या हातातून कलंडला. तू चटका बसला का म्हणून विचारत राहिलीस आणि मी पदरानं सांडलेला चहा पुसत राहिले.

अगं, गेले म्हणजे घर सोडून गेले! नवरा मारायचा. पुंडलिकदादा, म्हणजे तुझा सासरा, म्हणायचा, परत नांदायला जा. मी नाही म्हटलं आणि इथं शहरात, छावणी भागात, एका मैत्रिणीकडं राहायला आले. तुझा नवरा अभय तेव्हा रांगत होता. आईनं 'गेली' म्हणजे मेली असं धरलं. तिची चूक नाही, आपल्याकडं दोन्हीला एकच शब्द. पण दादानं तिचा गैरसमज काढला नाही, मातीही तिकडंच उरकली असं सांगितलं असणार, आणि गावानंही तोंड मिटून घेतलं. उलट मी फोन केला की दादा म्हणायचा, "आई तुझं नावबी घेत नाय. फोन करू नको."

मी विश्वास ठेवला. आई रागावली म्हणून मीही इतकी वर्षं रुसून बसले, आणि ती तिकडं माझ्या नावानं खीर वाटत होती! हे अजून डोक्यात शिरतच नाही. भाकरी थापताना मध्येच हात थांबतो. संताप येतो, मग मेलं हसूच येतं, मग पुन्हा संताप.

दादाशी काय ते मी बघून घेईन, तुला त्यात ओढणार नाही. मला धास्ती आहे ती आईची. मेलेली लेक एकदम दारात उभी राहिली तर या वयात तिचं काय होईल? मी येत्या रविवारी येते. त्याआधी तिला कळायला हवं. तिला तेव्हाच ऐकू कमी यायचं, फोनवर ती माझा आवाज ओळखायची नाही. तू सांगितलंस तर म्हणेल, पोरगी काहीतरीच बोलते.

आईला वाचता येत नाही. फक्त स्वतःचं नाव लिहिता येतं. ते मी शाळकरी असताना तिला शिकवलं, चुलीपुढच्या राखेत बोटानं. तेव्हा माझा 'ड' उलटा यायचा. तिनंही तसाच उचलला. माझा पुढं मास्तरांनी सुधारला, तिचा तसाच राहिला. असा 'ड' जगात आम्हा दोघींनाच येतो.

खाली तिचं नाव त्याच उलट्या 'ड'नं काढलं आहे. कागद तिच्या हातात दे, काही बोलू नकोस, आणि तिच्याजवळ बसून राहा.

तुझी,
सुलेखाआत्या

कडूबाई पुंजाराम खरात