बिननावाची जर्सी

प्रिय डेलिया,

तुझा निरोप मिळाला. "आई, शनिवारी येतेय, शेवटच्या सामन्याला. एकटीच." लिहिण्यात तू पहिल्यापासूनच कंजूष. पॉल का येत नाही, परतीचं तिकीट काढलंयस की नाही, कशाचाच पत्ता नाही. फोन करावा तर माझं अर्धं वाक्य ऐकून "बरं आई" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. पोस्टातली बाई म्हणाली, तातडीच्या टपालाने उद्या दुपारपर्यंत मिनेसोटाला पोचेल. शेवटपर्यंत वाच, मग काय रागवायचं ते रागव.

इकडे सगळे सुतकात असल्यासारखे वावरताहेत. पुढच्या वर्षीपासून आपला बेसबॉलचा संघ मार्चमधला सरावाचा कॅम्प घ्यायला समुद्राकडच्या नव्या मैदानांवर जाणार आणि आपलं स्टेडियम पाडून तिथे घरं होणार. मार्च महिन्यावर वर्षभर जगणारं गाव हे, आता काय करणार कोण जाणे. गुणलेखक लेस्टर अजून माझ्या शेजारीच बसतो, त्याच खोक्याएवढ्या खोलीत. काल म्हणतो, "व्हर्ना, आपणही स्टेडियमबरोबरच पाडून घेऊ. तुझ्या-माझ्यासाठी पुन्हा बुलडोझर कोण बोलावणार?" मेला वात्रट. पण खेळाडूंची नावं पुकारायला माईक हातात घेतला की माझा आवाज अजून खणखणीत आहे हो. परसातल्या ग्रेपफ्रूटला यंदा इतकी फळं लागलीत की शेजारी मला बघून दारं लावून घेतात.

सरावाचे सामने कसे असतात ते तुला काय सांगायचं? हार-जीत कुणाच्या खिजगणतीत नसते. सहाव्या डावापर्यंत मोठे खेळाडू आंघोळ करून घरी गेलेले असतात, प्रेक्षकही निम्मे उठतात. मग मागच्या मैदानांवरून पोरं बोलावतात, लागलीच तर असावीत म्हणून. त्यांच्या जर्सीवर नाव नाही, नुसता मोठा आकडा. माझ्या यादीत ती नसतातच. चौकशी करावी तर एक जण म्हणतो दुसऱ्याला विचार. पण बिननावाचा खेळाडू मी यंदापर्यंत मैदानात सोडला नव्हता. प्रत्येकाचं नाव शोधून काढते, पुकारते. कुणाची तरी आई रेडिओला कान लावून बसलेली असते.

यंदा कॅम्प सुरू झाल्यापासून आठव्या डावात उजव्या कोपऱ्यात चौऱ्याण्णव नंबर उभा राहतो. मी खाली विचारलं, हा कोण? आपली माणसं म्हणाली, "त्यांचा असेल." पाहुण्या संघाचा माणूस म्हणाला, "काहीतरीच काय मॅडम, जर्सी तुमची आहे!" लेस्टर म्हणाला, "चेंडू झेलतोय ना? मग असू दे की. तुला काय त्याच्याशी लग्न लावायचंय?" मी हसले. त्या दिवशी त्याला नाव न घेताच सोडलं, आणि घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

मैदानाची निगा राखणारी माणसं कुरकुर करतात, उजव्या कोपऱ्यातलं गवत रोज ओलं कसं? नळ बंद, पाऊस नाही, तरी बूट रुततात. मी दुर्बीण घेऊन नीट पाहिलं. बाकीच्या पोरांच्या पाठी घामाने भिजतात. याची जर्सी खांद्यापासून खालपर्यंत निथळत होती आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं. चेंडू पडायच्या आधी त्याने नाक उजव्या खांद्याला पुसलं. डेलिया, आपल्याकडे खोली घेऊन राहायचा तेव्हा माझ्या टेबलाशी बसून तो तसंच करायचा आणि मी ओरडायचे, "वेंडल, रुमाल नावाची एक वस्तू असते!" तू तोंडावर हात ठेवून हसायचीस.

हे तुला कळलं असणार असं मला वाटतं. गेल्या आठवड्यात गावातल्या कुणीतरी सामन्याचे फोटो टाकले, त्यात मागे तो उभा आहे. चेहरा अंधुक आहे, पण तू काय त्याला चेहऱ्यावरून ओळखणार होतीस? त्यानंतरच तुझा हा निरोप आला. अगं, तू आता आजी झालीस, आणि तो बावीसचा आहे अजून. त्याला आपण दोघींनी इथून पेटीत घालून नेब्रास्काला पाठवलंय. त्याच्या आईने फुलांबद्दल आभाराचं कार्ड धाडलं होतं.

त्या सकाळबद्दल आपण कधी बोललोच नाही. तव्यावर अंडी होती आणि तो दारात येऊन उभा राहिला. मी समजले. मार्चमध्ये खेळाडू नाश्त्याच्या वेळी परत आला की विचारायचं नसतं, संघाने त्याला काढलेलं असतं. खुंटीवरून त्याची जर्सी काढून नेली होती आणि कालपर्यंत गळ्यात गळे घालणारी पोरं बुटांच्या नाड्या बांधत खाली बघत बसली होती. हे त्याने हसत सांगितलं. मग म्हणाला, "मिसेस टॅलबट, मी डेलियाला घेऊन घरी जातो. बाबांच्या शेतावर काम आहे." मी नाही म्हटलं नाही. तो मला आवडायचा, जावई म्हणूनही आवडला असता. पण तू तापाने फणफणली होतीस, उठून बसवत नव्हतं. त्याने तुझ्या दारातून आत पाहिलं आणि म्हणाला, "ताप उतरला की नेतो. तोवर थांबतो." वेळ जात नाही म्हणून ट्रक घेऊन बाहेर पडला. खाणीच्या तळ्यांकडच्या रस्त्यावर धुकं होतं, ट्रक पाण्यात गेला. लोक मागाहून काय काय बोलले. मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते, धुकं होतं.

आज गुरुवार. सामना बरोबरीत सुटला, लोक पांगले, लेस्टर कॉफी आणायला गेला. ऊन चांगलं लख्ख होतं. मी कागद आवरत होते आणि खिडकीखाली पाणी ठिबकल्यासारखं वाजलं. तो जाळीला हात लावून उभा होता. टोपी काढली त्याने, पूर्वीसारखीच. म्हणाला, "मिसेस टॅलबट, डेलियाचा ताप उतरला का?" मी म्हटलं, "नाही रे बाळा. अजून अंगात कणकण आहे तिच्या." त्याने मान हलवली. राग नाही, हट्ट नाही. "मग थांबतो," म्हणाला, आणि उजव्या कोपऱ्याकडे चालत गेला. डेलिया, तुझं त्याच्यावर किती प्रेम होतं ते मला माहीत आहे. पॉलशी संसार करतानाही तू कितीदा खिडकीपाशी जाऊन उभी राहतेस, तेही मी पाहिलंय. म्हणूनच हात जोडते, येऊ नकोस. आज तू समोर नव्हतीस म्हणून मला खोटं बोलता आलं. शनिवारी तू धडधाकट, तुझ्या पायांवर उभी दिसलीस, तर त्याला मी काय सांगू?

तुझीच,
आई