मामांनी ‘छापा’ म्हटलं तेव्हा

पनवेल,
९ सप्टेंबर २०२५

ती. विनीताईस,
मनस्वीचा सा. न. वि. वि.

जी गोष्ट घडलीच नाही, ती घडली नाही हे माणसाने दाखवायचं कसं? सकाळपासून विचार करते आहे आणि मला उत्तर येत नाही. काल आईला बाजारात कोणीतरी विचारलं, म्हणे तुमच्या भावाच्या विनिताने त्या गाणाऱ्या भावेशशी होडीवर गुपचूप लग्न लावलं, खरं का? आई कोलंबीची पिशवी तिथेच विसरून घरी आली. तुला फोन करणार होते, पण तुमच्याकडचा फोन कायम स्पीकरवर आणि निम्मी आळी तुमच्या ओटीवर. म्हणून हे पत्र काशिराममामांच्या मासळीच्या टेम्पोतून पाठवते आहे. ते उघडणार नाहीत. वाचायला त्यांना चष्मा लागतो आणि तो ते लावत नाहीत.

तुझं ते कोळीगीत येऊन सहा महिने झाले. त्यात तू मुंडावळ्या बांधून होडीत उभी आहेस आणि भावेश नवरदेव होऊन गातो आहे, हे सगळ्यांनी पाहिलं. हळदीत लोक त्यावर नाचले, तुझ्याबरोबर फोटो काढायला रांगा लावल्या. तेव्हा कोणी ब्र काढला नाही. मग गौरी-गणपती उठल्यावरच हे कुठून निघालं? कोण कोणाला बोललं, मला नावं कळव. मी एकेकीला विचारत मुळापर्यंत जाते. दसऱ्याला तुझा साखरपुडा आहे. मोऱ्याला सत्यजीतभाऊजींच्या घरी हे पोचायच्या आत थांबलं पाहिजे.

इकडे ऑफिसातही माझं डोकं फिरलं आहे. गौरीला मी घेऊन आले होते तो ‘आतली बातमी’ खेळ आमची कंपनी लवकरच बाजारात आणते आहे. प्रत्येक खेळाडू एका साप्ताहिकाचा संपादक. कोणती तारका, कोणाबरोबर, कुठे, अशी तीन कार्डं कोणी न बघता पाकिटात जातात. मग एकमेकांना प्रश्न विचारून ती ओळखायची आणि सगळ्यांच्या आधी ‘छापा’ म्हणायचं. माझं म्हणणं एवढंच होतं, की ज्याने खोटं छापलं तो खेळातून बाद व्हावा. आमचे साहेब, शैलेश सर म्हणाले, मग कोणी छापणारच नाही, खेळ रंगायचा कसा? फार तर एक डाव चुकवू दे. मी विचारलं, जिचं नाव खोटं छापलं तिचं काय? ते हसून म्हणाले, ती पुठ्ठ्याची आहे, मनस्वी.

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मनस्वी


करंजा,
१२ सप्टेंबर

चि. मनूस विनीताईचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांनी बर्फाच्या खोक्यावर ठेवून आणलं, निम्मं ओलं. तरी वाचलं.

मुळापर्यंत जाऊ नको गो, मुळाशी तूच बसलेली हायस. तू रडशील म्हणून सांगणार नव्हते. आठव जरा. गौरीच्या दिवशी जेवणं झाल्यावर आपण खेळायला बसलो. तुझ्या खेळातल्या त्या नट्यांची नावं आमच्या कोणाच्या तोंडात बसेनात, म्हणून मीच बोलले, कोरी कार्डं हायत ना, आपली नावं लिहू. आपल्या पाच बहिणींची पाच लिहिली: मी, तू, स्नेहल आणि चुलत्याच्या दोघी धाकट्या. पुरुषांत भावेशला घातला, ठिकाणात बाबांची होडी. आणि जन्मात पहिल्यांदा बाबा कायतरी जिंकले. ओटीवर उभं राहून केवढ्यानं ओरडले! आमची विनी, भावेशबरोबर, माझ्या होडीवर, छापा! नेमकी तेव्हाच गोदूबाई सुकटीची पाटी घेऊन दारावरनं चालली होती. तिनं ऐकलं आणि लिलावाच्या धक्क्यावर जाऊन छापलं.

दुसरं कोणी बोललं असतं तर लोकांनी सोडून दिलं असतं. पण पोरीचा बाप ओरडून सांगतोय म्हटल्यावर खोटं कसं असेल? बाबा आता धक्क्यावर मान वर करीत नाय. काल मला बोलले, मी जिंकलोच नसतो तर बरं झालं असतं. मला हसू पण आलं नि रडू पण.

मोऱ्याला पोचलंय. सत्यजीत द्रोणागिरीच्या गोदामातनं सुटला तसा इकडे आला. बोलला, मला म्हाईत हाय खरं काय ते. पण आईसमोर त्याचं तोंड उघडत नाय. बाप गेल्यावर सोनाबाईनं मासळी विकून त्याला वाढवला, म्हणून मी त्याला नावं ठेवीत नाय. तूही ठेवू नको. मला तोच पाहिजे हाय.

सोनाबाई शिकलेल्या पोरींना मानते. तू खेळाचा खोका घेऊन तिच्याकडे जा आणि समजाव. आत्याला सांग, दुसरी कोलंबी पाठवते.

तब्येतीला जप. आमची आठवण ठेव, एवढीच ठेवलीस तरी पुरे.

तुझी ताई,
विनिता


पनवेल,
१६ सप्टेंबर

ती. विनीताईस सा. न. वि. वि.

रविवारी मोऱ्याला जाऊन आले. जाताना वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम आहे. येताना वाटलं, तीन वर्षं कॉलेजात मी काय शिकले?

सोनाबाईंनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसल्या. घरात पहिली पदवी माझी, हे त्यांना माहीत होतं. मी खोका उघडून सगळा खेळ मांडला. त्यांना तो आमच्या ऑफिसातल्या लोकांपेक्षा लवकर समजला. मग त्यांनी विचारलं, पाकिटात ती तीन कार्डं ठेवली कोणी? मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की कोणीच नाही! कार्डं पालथी पिसतात, जी निघतात ती आपली आपण निघतात, त्यात कोणाचा हात नसतो. मला वाटलं, जिंकले.

त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, बाय, ज्यात कोणाचा हात नसतो त्यालाच आमी कौल बोलतो.

त्यांच्याकडे नारळी पुनवेनंतर होडी काढण्याआधी देवीला फुलं लावतात. उजवीकडचं पडलं तर जायचं, डावीकडचं पडलं तर थांबायचं. एका वर्षी डावं पडलं असताना त्यांचा नवरा गेला. तो परत आला नाही. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. योगायोग हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला आणि मी तो गिळला.

आता त्यांचं म्हणणं असं, की भावेश आणि होडी तर गाण्यातही दिसतात, ते असू दे. घट बसले की मुलीचं कार्ड तेवढं देवीसमोर पुन्हा काढायचं. विनिता निघाली तर साखरपुडा नाही. दुसरी निघाली तर पहिल्या वेळी नाव चुकलं म्हणायचं आणि दसरा ठरला तसा. शिवाय म्हणाल्या, तूच कार्डं घेऊन ये, तू शिकलेली हायस, खोटेपणा करायची नायस.

मी नाही म्हटलं. ताई, पाच कार्डांत एक तुझं आहे. तुझं निघालं तर सगळं संपलं. तुझं नाही निघालं तर स्नेहलचं निघेल, नाहीतर त्या शाळकरी पोरींपैकी एकीचं, आणि मग ती होडी आयुष्यभर तिला चिकटेल. अशा खेळाला मी हात लावणार नाही. खोट्याला खोटंच म्हटलं पाहिजे. मला इतका राग आला आहे, आणि कोणावर काढावा ते कळत नाही. शैलेश सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, कौल लावणारा खेळ, जाहिरातीला झकास आहे.

रागावू नकोस. मला आपली म्हणत राहा.

मनस्वी


करंजा,
१९ सप्टेंबर

चि. मनस्वीस,
आशीर्वाद.

तू नाय बोलून आलीस. वा! तुझं तत्त्व राहिलं, माझा साखरपुडा गेला. पत्र वाचून मी चुलीत घालणार होते, पण आमच्याकडे आता गॅस हाय.

तुला खोटं म्हणायला सोपं हाय. तू पनवेलला बसून म्हणतेस. इथं मी नळावर गेले की बायका गप्प होतात. काल एक पोरगी फोटो काढायला आली आणि विचारते, भावेशदादा कुठंय? सोनाबाईनं एवढा तरी दरवाजा उघडा ठेवला होता, तो तू लावून आलीस. नि नवरा गमावलेल्या बाईला तू शिकवणार काय, की कौल खोटा असतो?

तूच मागं सांगितलं होतंस, लोकांना खेळ दाखवायचा असला की तुम्ही कार्डं आधीच लावून ठेवता. मग लाव की! माझं सोडून कोणाचंही लाव. घट सोमवारी बसतात.

रागात लिहिलं. स्नेहलचं लावू नको, तिला स्थळं बघतायत. धाकट्यांचं तर नकोच. मला काय सुचत नाय, मनू. सत्यजीत रोज येऊन बसतो नि समुद्राकडे बघतो. त्यानं तरी काय करावं?

लोभ अजून हाय. किती दिवस टिकेल ते तुझ्यावर.

विनिता


पनवेल,
२५ सप्टेंबर

ती. विनीताईस सा. न. वि. वि.

मोऱ्याहून तुम्हाला निरोप आला असेलच. तरी मी माझ्या हाताने लिहिते.

मंगळवारी रजा काढून गेले. सोनाबाई न्हाऊन घटासमोर बसल्या होत्या. सत्यजीतभाऊजी दाराला टेकून उभे होते. मी पाच कार्डं पालथी पसरली. सोनाबाईंनी एक उचललं, परत ठेवलं, मग कडेचं उचलून मुलाच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही. भाऊजींनी ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. मग त्यांनी मोठ्याने वाचलं, मनस्वी.

सोनाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग घटाला हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, साखरपुडा दसऱ्यालाच. माझी विनिता सोन्याची हाय. मी कार्डं गोळा करत होते तेव्हा शेजारणीला सांगत होत्या, शिकलेल्या पोरींचं हे असंच. ताई, हे ऐकून मला उभ्या जागी ओरडावंसं वाटलं. पदवीच्या दिवशी आईने आख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. आता पुढच्या कोणा मुलीला कॉलेजात घालायचं नसलं की माझं नाव सांगतील.

कोणी विचारलं तर तू काही बोलू नकोस. माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस, नाहीतर सगळं उलटेल. मामांनाही गप्प ठेव, त्यांचा आवाज मोठा आहे. आईला मी खरं सांगितलं. ती खूप रडली, मला एक धपाटा घातला आणि मग साखरपुड्याला कोणती साडी नेसायची ते विचारू लागली. मला सध्या स्थळ नाही, कोणी मोडणार नाही. पुढचं पुढे.

मला बरं वाटत नाही, हेही लिहिते. एका बाईने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी तिला तिच्या देवीसमोर फसवलं. कौल खोटा म्हणत होते आणि तोच खरा करून आले. कार्डं नुसती पिसून नेली असती तर पाचांतल्या चार वेळा तू सुटली असतीस. पण मग उरलेल्या तिघींपैकी कोणी अडकली असती, आणि नशिबावर सोडायला माझा धीर झाला नाही. म्हणून सोमवारी ऑफिसात बसून पाच कोरी कार्डं घेतली आणि पाचही कार्डांवर माझंच नाव लिहिलं.

दसऱ्याला येते. सगळ्यांसमोर माझ्याशी जरा तुटक वाग, मनात मात्र माया होती तशीच ठेव.

तुझी,
मनू