बद्रीशेटच्या सोऱ्याची चव

तीर्थरूप आबांच्या पायांवर औरंगाबादहून सांडूचं डोकं.

मी मजेत आहे. गुलमंडीत काम मिळालंय. खानावळीतली भाजी आईच्या हातची नाय, पण चालतं. तिची दाढ ठणकायची थांबली का?

कॉलेजातला इलियास मला शोभेच्या दारूची समीकरणं शिकवतो. डावीकडं जेवढा ऑक्सिजन मांडला, तेवढाच उजवीकडं निघाला पाहिजे. काल त्याला जत्रेतल्या आपल्या फसलेल्या अनाराचं सांगितलं. नुसता धूर अन् पिवळा जाळ.

तो म्हणला, "मियाँ, सोऱ्यात मीठ होतं! सोरा म्हंजे पोटॅशियम नायट्रेट, ऑक्सिजन तोच देतो. मिठात ऑक्सिजनच नाय, कोळसा जळणार कशानं? जाळ पिवळा बी त्यानंच."

आबा, तुम्ही सोरा नेहमी जिभेवर ठेवून पारखता, गार लागला तर खरा, खारट लागला तर भेसळ. तवा तापानं तुमचं तोंड कडू होतं, म्हणून पारखायचं राहिलं, व्हय ना? सोरा विकला बद्रीशेटनं, अन् "म्हाताऱ्याचा हात गेला" म्हणून गावात हसला बी तोच.

उरलेला सोरा माळ्यावर असंल, आईला टाकू देऊ नका. तुम्ही अनाराची मडकी थापायला घ्या. मी जत्रेला येतो. अनार पेटवायच्या आधी, साऱ्या गावापुढं, बद्रीशेटचा सोरा त्याच्याच जिभेवर ठेवतो.

तुमच्या अपमानाचा वारस,
सांडू